अब्दुल करीम खाँ : हळुवार हातांनी लावलेला सूर

हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात बुलंद आवाजाचे गवई अनेक होऊन गेले. ध्वनिक्षेपक नव्हते, त्या काळी दरबाराचा दिवाणखाना किंवा लग्नाचा मांडव शेवटच्या रांगेपर्यंत भरून टाकणारा आवाज ही गवयाची पहिली कसोटी मानली जाई. त्याच काळात एका बारीक, टोकदार आणि काहीशा नाजूक आवाजाच्या गायकाने महाराष्ट्र, कर्नाटक आणि थेट मद्रासपर्यंतचे श्रोते जिंकले. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ हे ते गायक होत. त्यांच्या गळ्यातील बळ छातीतून काढलेल्या जोरात नव्हते. ते अचूक जुळलेल्या दोन तंबोऱ्यांच्या मधोमध बसून लावलेल्या निश्चल स्वरात होते. म्हणूनच खाँसाहेबांचे चरित्र सांगताना गळ्याइतकाच तंबोऱ्याचाही विचार करावा लागतो.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. हे गाव आज शामली जिल्ह्यात मोडते. गवई आणि वादक यांचे ते वसतिस्थानच होते. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांना बालपणापासून तालीम मिळाली. गायनाबरोबरच बीन, सारंगी, सतार आणि तबला या वाद्यांशीही त्यांचा हात परिचित झाला. पुढे त्यांच्या गाण्यात जी मींड आणि स्वरांना चिकटून जाणारी जी आस श्रोत्यांना ऐकू आली, तिचे मूळ या तंतुवाद्यांच्या सहवासात आहे. सारंगीवर जोर चालत नाही. नखाच्या कडेने तार किंचित जास्त दाबली, तरी स्वर बिघडतो. बीनवर तार खेचून स्वर काढायचा असतो आणि तेथे केसभराचा फरकही लपत नाही. या वाद्यांनी त्या मुलाच्या कानाला जी शिस्त लावली ती आयुष्यभर टिकली.

तरुणपणी धाकटे बंधू अब्दुल हक यांच्यासह फिरत फिरत ते बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांच्या दरबारात त्यांना आश्रय मिळाला. तेथेच सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागल्या. गुरु-शिष्येचे हे नाते पुढे विवाहापर्यंत पोहोचले. राजघराण्याशी संबंध असलेल्या मराठा सरदाराची मुलगी आणि परप्रांतातून आलेला मुसलमान गवई हा संबंध त्या काळात कोणाला रुचणे शक्यच नव्हते. १८९८च्या सुमारास दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली. दरबाराची स्थिर चाकरी गेली, आश्रयदाता गेला. यापुढे गाणे आणि श्रोते एवढेच भांडवल उरले होते.

मुंबईहून खाँसाहेब मिरजेस आले आणि मिरजेचेच होऊन गेले. तेथे ते गंभीर आजारी पडले असता ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात केलेल्या प्रार्थनेने बरे झाले, अशी आख्यायिका आहे. या दर्ग्यावरची त्यांची श्रद्धा अखेरपर्यंत अढळ राहिली आणि उरुसात तेथे गाऊन हजेरी लावण्याचा त्यांचा परिपाठ होता. मिरजेशी जडलेल्या या नात्याला आणखी एक बाजू होती. पटवर्धन संस्थानिकांच्या या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी व तंबोरे घडवण्याचा उद्योग सुरू झाला होता. फरीदसाहेब हे त्या परंपरेचे आद्य कारागीर. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातून आलेल्या या कारागिराने लोखंडावर चालणारा हात लाकडावर आणि भोपळ्यावर वळवला. पंढरपूरच्या बाजूचे मोठे भोपळे आणि तूनाचे लाकूड यांतून मिरजेत असे तंबोरे तयार होऊ लागले की देशभरातील गवई त्यांच्यासाठी मिरजेची वाट धरू लागले. सुराच्या बाबतीत तडजोड न करणाऱ्या गायकाला याहून योग्य गाव सापडले नसते. वाद्यांची दुरुस्ती खाँसाहेब स्वतःही उत्तम करीत आणि त्यासाठी लागणारी हत्यारे प्रवासातही त्यांच्यासोबत असत.

तंबोरा लावणे हे वरकरणी सोपे काम वाटते. चार तारा, त्यांपैकी मधल्या दोन षड्जाच्या जोडीच्या, शेवटची खर्जाची आणि पहिली पंचमाची, अथवा रागात पंचम नसेल तर मध्यमाची किंवा निषादाची. पण या चार तारा एकदा जुळवून तासभर जुळलेल्या ठेवणे यात खरे कसब आहे. लाकडी खुंटी दांडीच्या भोकात केवळ घर्षणाने टिकते. नुसती पिळली तर ती थोड्या वेळाने मागे सरकते आणि तार उतरते. म्हणून खुंटी फिरवतानाच तिला आत दाबायचे असते. ती घसरत असेल तर तिला खडू लावतात. तार नेहमी खालून वर, म्हणजे उतरलेल्या स्वरापासून इष्ट स्वराकडे न्यायची. वर चढली तर पुन्हा खाली उतरवून नव्याने चढवायची.

तारेचा आणखी एक स्वभाव आहे. खुंटीपासून घोडीपर्यंतच्या वाटेत ती तारगहनावर टेकलेली असते आणि तेथे घर्षण होते. खुंटी फिरवली तरी तारगहनाच्या अलीकडचा व पलीकडचा ताण लगेच सारखा होत नाही. दहा मिनिटांनी, गायक ख्यालात रमलेला असताना, तो ताण आपोआप वाटला जातो आणि तंबोरा बेसूर होतो. अनुभवी माणूस यावर बळाचा उपाय करीत नाही. तो बोटाने तार हलकेच दाबून सोडतो, ताणाला आपली जागा घेऊ देतो आणि मग पुन्हा कान देतो. शेवटचा केसभर फरक खुंटीने मिटत नाही. त्यासाठी घोडीखालच्या बाजूला तारेत ओवलेला मणी असतो. तो लंगोटाकडे किंचित सरकवला की स्वर कणभर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. हे सारे करताना तार छेडायची तीही अलगद. जोराने छेडलेल्या तारेचा ताण क्षणभर वाढतो, तिचा स्वर आरंभी चढा निघतो आणि मग खाली येतो. त्या चढ्या क्षणावर विसंबून तंबोरा लावला, तर तो प्रत्यक्षात उतरलेलाच राहतो.

पाश्चात्त्य जगात पियानोच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. सुमारे १७०० साली फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी घडवलेल्या या वाद्याला आज ८८ पट्ट्या आणि सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. त्या सर्वांचा मिळून ताण पंधरा ते वीस टन भरतो. तेथे पोलादी खिळे लाकडात घट्ट बसवलेले असतात आणि तार अनेक टेकूंवरून जाते. म्हणून पियानो लावणारे अनेक कारागीर पट्टीवर जोराचे आघात करून तारेचा दबलेला ताण मोकळा करतात. पुढे एखाद्या वादकाने जोराने वाजवले तरी तार सरकू नये, हा त्यामागचा हेतू. दुसरा पक्ष असा की खिळा नेमका बसवला आणि तारेचा ताण आधीच सर्वत्र सारखा केला, तर हळू वाजवूनही स्वर टिकतो, मग कानाला, हाताला आणि वाद्याला तो मार कशासाठी? या वादाचा निकाल वाद्याच्या प्रकृतीवर अवलंबून आहे. त्यात हवेचाही मोठा वाटा असतो. पोर्तुगीज काळापासून चर्चसंगीताची परंपरा लाभलेल्या वसई-माणिकपूरसारख्या किनारी, दमट भागात पावसाळ्यात पियानोचे लाकूड फुगते व स्वर चढतो, कोरड्या दिवसांत तो उतरतो. तंबोऱ्याच्या खुंट्या अशा हवेत फुगून घट्ट होतात, पोलादी तारांना गंज धरतो. कोणतेही बळ या हवेपुढे टिकत नाही. वाद्याची प्रकृती ओळखून त्याला वारंवार आणि हलक्या हाताने सांभाळणे, हाच उपाय उरतो.

तंबोऱ्याची प्रकृती मुळातच सौम्य. त्याच्या लांब तारा पियानोच्या तुलनेने सैल असतात आणि रुंद घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर त्या पुढेमागे टेकत कंप पावतात. घोडी घासून तो उतार नेमका साधणे म्हणजे जवारी काढणे. तारेखाली सुताचा धागा सरकवला की ती जवारी उघडते आणि एका तारेतून अनेक स्वरांचे गुंजन सुरू होते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या घोडीचे रहस्य उलगडले. ज्या ठिकाणी तार छेडली असता काही उपस्वर निघू नयेत असे पाश्चात्त्य शास्त्राचा नियम सांगत होता, तेच उपस्वर तंबोरा आणि वीणा यांत स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी दाखवून दिले. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो याच कारणाने. खाँसाहेबांचे गाणे या आपोआप उमटणाऱ्या गंधाराच्या आधाराने उभे होते.

आरंभीच्या काळात त्यांचे गाणे असे नव्हते. १९०५च्या सुमारास निघालेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांत तरुण गवयाची चपळाई आहे, वेगवान ताना आहेत आणि आपली तयारी दाखवण्याची उमेदही आहे. पुढे हळूहळू वेग ओसरला आणि स्वर लांबला. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे चिरंजीव, कुरुंदवाडला अखेरचे दिवस काढणारे भूगंधर्व रहिमत खाँ यांच्या गाण्याचा या बदलावर प्रभाव होता. खाँसाहेब एकेका स्वरावर थांबू लागले. राग घाईने मांडण्यापेक्षा तो स्वरास्वराने उलगडू लागले. खुंटीला लावायचा तोच न्याय त्यांनी गळ्याला लावला. स्वराला धक्का द्यायचा नाही, खालून अलगद त्याच्याकडे जायचे आणि तो जुळला की तेथे स्वस्थ राहायचे. काही जाणकारांना हा आवाज आवळलेला वाटे, काहींना लयीच्या अंगाने हे गाणे उणे वाटे. आग्रा घराण्याच्या खुल्या, भरदार गायकीच्या शेजारी ते फारच सौम्य दिसे. या आक्षेपांत तथ्य नव्हते असेही नाही. बळाची आणि लयकारीची काही रसस्थाने खाँसाहेबांनी जाणूनबुजून सोडून दिली होती आणि त्याची किंमत ते मोजत होते.

त्यांच्या या सूक्ष्म स्वरज्ञानाकडे शास्त्रज्ञवृत्तीच्या माणसांचे लक्ष गेले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे बावीस श्रुतींच्या मोजमापाच्या ध्यासाने झपाटलेले गृहस्थ. ब्रिटिश सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांची त्यांना साथ लाभली. खाँसाहेबांच्या गायनातील स्वर उपकरणावर पडताळून देवलांनी आपले निष्कर्ष १९१० साली ग्रंथरूपाने मांडले आणि क्लेमंट्स यांचा भारतीय संगीतावरील ग्रंथ १९१३ साली आला. याच खटपटीतून श्रुती-हार्मोनियम जन्माला आली. पेटीची पितळी जीभ टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. पण एकदा झिजलेले पितळ पुन्हा जागेवर येत नाही. तारेला मागे वळता येते, पट्टीला नाही. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या पेटीने जमलेल्या गायक-पंडितांचे समाधान झाले नाही. विष्णू नारायण भातखंडे यांचाही या मांडणीला विरोध होता. श्रुतींची स्थाने पट्टीत कायमची बांधता येतात काय, हा वाद त्यानंतरही मिटला नाही. खाँसाहेबांच्या गळ्यातील स्वर मोजता आला, पण त्या स्वराकडे जाण्याची वाट पेटीत उतरली नाही.

ही वाट दुसऱ्यांना दाखवण्यासाठी त्यांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थी तेथेच राहत, जेवत आणि शिकत. त्यांचा खर्च खाँसाहेबांच्या तिकीट लावून होणाऱ्या जलशांतून भागवला जाई. गवयाने आपली विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही, अशी रीत असलेल्या काळात उत्तरेतून आलेल्या एका मुसलमान उस्तादाने मराठी आणि कानडी मुलांना घरी ठेवून शिकवावे, ही गोष्ट लहान नव्हती. त्यांच्या शिष्यांत सर्वांत मोठे नाव झाले ते कुंदगोळच्या रामभाऊंचे, म्हणजेच सवाई गंधर्वांचे. रामभाऊंचा आवाज मूळचा गोड नव्हता, तो वळणारा नव्हता. बळ लावून तो सरळ झाला नसता. वर्षानुवर्षे रियाज करून, पदरी असलेल्या आवाजाचा स्वभाव ओळखून त्यांनी तो कमावला. पुढे गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर आणि बसवराज राजगुरू यांना त्यांनी जे दिले, त्याचा उगम मिरजेच्या तंबोऱ्यात होता.

शिष्यांच्या बाबतीत इतके धीराने वागणाऱ्या खाँसाहेबांचा स्वतःचा संसार मात्र टिकला नाही. १९२०नंतरच्या काही वर्षांतच ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, कमलाबाई, कृष्णराव आणि सरस्वती राणे हीही नावे पुढे संगीतात गाजली. या मुलांची पुढील तालीम आणि वाटचाल वडिलांच्या छायेबाहेर झाली. हिराबाईंना किराण्याचेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे मार्गदर्शन लाभले. नाते तुटले, तरी गळ्यांत बाणलेला सूर तुटला नाही. सुरेशबाबूंची नजाकत आणि हिराबाईंचा संथ, सोज्ज्वळ षड्ज ऐकताना श्रोत्यांना खाँसाहेबच आठवत. ही कीर्ती वडिलांनी घराबाहेर राहून पाहावी, हे त्यांच्या आयुष्यातील मोठे दुःख होय. शेकडो मैफलींत तंबोरे जुळवणाऱ्या हातांना ही एक तार पुन्हा जुळवता आली नाही.

मिरज ही त्यांना दक्षिणेच्या वाटेवरचीही सोयीची जागा होती. म्हैसूरच्या दरबारात ते वारंवार गेले आणि तेथे त्यांना संगीतरत्न ही पदवी मिळाली. धारवाड, हुबळी, कुंदगोळ या वाटेवरच्या गावांत त्यांच्या मैफली झाल्या आणि किराण्याचे बीज त्या मातीत पडले. कर्नाटक संगीताकडे त्यांनी परक्याच्या नजरेने पाहिले नाही. त्यातील सरगमचा वापर त्यांनी आपल्या ख्यालात आणला, दाक्षिणात्य राग आपलेसे केले आणि त्यागराजांची एक रचनाही ध्वनिमुद्रित केली. उत्तरेच्या गवयाने असे करणे त्या काळी अपूर्वच होते. मद्रासच्या श्रोत्यांनीही या पाहुण्याला मनापासून दाद दिली.

१९३४नंतर ओडियन कंपनीने काढलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत पोहोचल्या. झिंझोटी आणि भैरवीतील ठुमऱ्या, बसंत, मराठी नाट्यपदे असा त्यात मोठा विस्तार आहे. तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत सगळे आटोपावे लागे. तरीही कोठे घाई जाणवत नाही. येथे एक विलक्षण योगायोग घडला. मोठ्या आवाजाची गरज निर्माण करणारे मांडव मागे पडत होते आणि सूक्ष्म आवाज टिपणारे यंत्र आले होते. जो नाजूकपणा पूर्वी उणीव म्हणून दाखवला जाई, तोच विद्युत ध्वनिमुद्रणात त्यांचे बलस्थान ठरला.

ऑक्टोबर १९३७मध्ये मद्रासच्या कार्यक्रमांनंतर खाँसाहेब पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमाकडे निघाले होते. वाटेत गाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, दरबारी कानड्याच्या स्वरांत ईश्वराची प्रार्थना केली आणि तेथेच देह ठेवला. तो दिवस २७ ऑक्टोबरचा. पासष्टावा वाढदिवस अवघ्या पंधरा दिवसांवर आला होता. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आला. दरवर्षी तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि देशभरातले कलावंत हजेरी लावून जातात.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती विजेवर चालणारा किंवा भ्रमणध्वनीत बसणारा तंबोरा असतो. त्याला खुंटी नाही, मणी नाही, पावसाळ्याची धास्ती नाही. सोय मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खालून वर स्वर आणणे, तारेला जागेवर बसू देणे, जोर न करता थांबणे आणि पुन्हा ऐकणे, ही तालीम लाकडी तंबोरा लावणाऱ्यालाच मिळते. खाँसाहेबांनी ती आयुष्यभर घेतली आणि शिष्यांच्या तीन पिढ्यांना दिली. त्यांची तबकडी आजही लावली, तर पहिल्या काही क्षणांतच कान आपोआप शांत होतो आणि आजूबाजूचा गलबला दूर जातो.